वाळवंटावरची साय

मातीवेडी

परवा एका बैठकीत टेबलावर नकाशा पसरलेला होता. हिरवं ते जंगल, निळं ते पाणी, आणि उरलेला सगळा पिवळा. पिवळ्यावर बोट ठेवून एक जण म्हणाले, "इथे काहीच नाही. इथे झाडं लावून टाकू, कार्बनचंही काम होऊन जाईल." कोणीच हरकत घेतली नाही. मीही गप्प बसले. तेव्हापासून ते वाक्य मनातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतेय.

माझं काम मातीचं. कोरड्या प्रदेशांतले नमुने प्रयोगशाळेत येतात आणि त्यांत कार्बन किती आहे, कोणत्या रूपात आहे, हे मोजायचं. त्या पिवळ्या रंगाखाली काय असतं ते रोज हाताखालून जातं. त्यातल्या दोन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट ढेकळाची. तळहाताएवढं एक ढेकूळ काचेच्या बशीत ठेवायचं. वरचा थर काळपट, पुटकुळ्या आल्यासारखा खडबडीत असतो. बोटाने दाबला तर कुरकुरत मोडतो. त्यावर पाण्याचे चार थेंब सोडायचे आणि भिंगातून बघत राहायचं. आधी काहीच होत नाही. मग काळ्या डागाच्या कडेला निळसर हिरवी झाक येते आणि थोड्याच मिनिटांत ओली झालेली सगळी जागा हिरवी होते. मातीत सुकून पडलेले सायनोबॅक्टेरियांचे, म्हणजे उजेडावर स्वतःचं अन्न करणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंचे, धागे पाणी लागताच जागे होऊन उजेडाकडे सरकतात. महिनोन् महिने कोरड्या राहिलेल्या ढेकळातही हे होतं. ओल गेली की ते पुन्हा आत शिरतात, आणि जाताना त्यांची चिकट आवरणं मागे राहतात. त्या आवरणांना वाळूचे कण धरून राहतात. असं पावसामागून पाऊस चालतं, तेव्हा कुठे काही मिलिमीटर जाडीची साय धरते. पुढे तिच्यावर दगडफूल येतं, मॉस म्हणजे मखमली शेवाळासारखी बुटकी वनस्पती येते. शास्त्रज्ञ तिला बायोक्रस्ट म्हणतात, मला साय हाच शब्द बरा वाटतो. पृथ्वीवरच्या जमिनीपैकी अंदाजे १२ टक्के भागावर ही साय आहे. ती हवेतला कार्बन घेते, नायट्रोजन मातीत आणते आणि वाऱ्याला माती नेऊ देत नाही.

दुसरी गोष्ट कंकराची. वाळवंटात फूट-दोन फूट खणलं की पुष्कळ ठिकाणी पांढरट गाठी किंवा सलग कडक थर लागतो. त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफसून बुडबुडे येतात. ते बुडबुडे म्हणजे कार्बन डायऑक्साइड. हजारो वर्षं चुन्याच्या रूपात बसून असलेला कार्बन तुमच्या डोळ्यांदेखत हवेत जातो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार जमिनीच्या वरच्या दोन मीटरांत अशा असेंद्रिय रूपातला कार्बन सुमारे २,३०५ अब्ज टन आहे. वातावरणात आज आहे त्याच्या दुपटीहून जास्त, आणि त्यातला बहुतेक कोरड्या प्रदेशांत.

आता मोडण्याबद्दल. १९४२ ते १९४४ या काळात अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात रणगाड्यांचा सराव चालायचा. त्या चाकोऱ्या आजही जमिनीवर दिसतात. सायनोबॅक्टेरियांचा थर काही वर्षांत पुन्हा धरू शकतो, पण दगडफूल आणि मॉस परतायला कित्येक दशकं लागतात, फार कोरड्या जागी त्याहूनही जास्त. मोडायला मात्र एक टाच पुरते.

म्हणून मला वाटतं, वाळवंटातला कार्बन आणि तिथले जीव राखायचे तर पहिलं काम तिथली न मोडलेली जमीन न मोडलेली ठेवणं हे आहे. लागवड, कुंपणं, प्रकल्प, सगळं त्याच्या नंतर. तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी वाळवंटात काम केलंय त्यांनी जरूर लिहा.

हिशेबनीस

लेख आवडला, पण कंकराच्या हिशेबात एक मोठी अडचण आहे. तो चुना जुन्या चुनखडीतून विरघळून आला असेल, तर विरघळताना जेवढा कार्बन डायऑक्साइड घेतला तेवढाच पुन्हा गोठताना सुटतो. म्हणजे नफा शून्य. शिवाय जो कार्बन हजारो वर्षं जागचा हललेला नाही, तो 'राखला' म्हणून कोणाच्या खात्यावर जमा धरायचा? कार्बन क्रेडिट, म्हणजे वाचवलेल्या कार्बनची प्रमाणपत्रं, विकणारे नेमकं हेच करतात, म्हणून विचारतोय.

तसंच २००८ च्या सुमारास मोहावीतून आकडे आले होते की वाळवंट दर चौरस मीटरला वर्षाकाठी १०० ग्रॅमच्या आसपास कार्बन शोषतं. एवढा कार्बन गेला कुठे, हे मातीत किंवा झुडपांत कोणालाच दाखवता आलं नाही. वाळवंटाची बाजू मांडताना असले आकडे पुढे केले तर ती बाजूच लंगडी पडते.

मातीवेडी

हिशेबनीस, तुमचं बरोबर आहे, आणि हे मी लेखातच लिहायला हवं होतं. कंकरातला कॅल्शियम कुठून आला यावर सगळं अवलंबून आहे. सिलिकेट खडक झिजून आला असेल तर खरी भर पडते, जुन्या चुनखडीतून आला असेल तर नाही. आणि ही भर इतकी संथ आहे की माणसाच्या आयुष्यात ती मोजण्याजोगी नाही. त्यामुळे 'कंकर तयार होऊ द्या, हवामान सुधारेल' असं मी कधीच म्हणणार नाही.

माझी काळजी उलट्या बाजूची आहे. वाळवंटात शेती आणली, खोलातलं पाणी उपसून दिलं, नत्रयुक्त खतं टाकली, की माती आम्लधर्मी होत जाते आणि हा चुना विरघळू लागतो. ज्या अभ्यासातला २,३०५ अब्ज टनांचा आकडा मी दिला, त्याच अभ्यासाने असंही मांडलंय की नत्रामुळे वाढणाऱ्या आम्लतेने पुढच्या ३० वर्षांत वरच्या ३० सेंटीमीटरमधला २३ अब्ज टनांपर्यंत असेंद्रिय कार्बन कमी होऊ शकतो. खात्यावर जमा धरू नका, मान्य. पण तिजोरी फोडली तर खर्च धरावाच लागेल.

१०० ग्रॅमच्या आकड्यांवर माझाही विश्वास नाही. त्यापेक्षा मला नेवाडातला प्रयोग भरवशाचा वाटतो. तिथे मोहावीच्या एका भागावर दहा वर्षं जादा कार्बन डायऑक्साइड सोडला आणि शेवटी जमीन मीटरभर खोल खणून मोजलं. साध्या हवेतल्या तुकड्यांपेक्षा तिथल्या मातीत कार्बन जास्त भरला, हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे वाळवंट कार्बन घेतं, पण बेताने.

आणि घेतलेला परतही देतं. २०११ साली ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात अफाट पाऊस झाला, गवत आणि झुडपं इतकी माजली की त्या वर्षी जगभरच्या जमिनीने जो जादा कार्बन ओढला त्यातला निम्म्याहून अधिक वाटा तिथलाच होता. पुढे दुष्काळ आला आणि बराचसा कार्बन पुन्हा हवेत गेला. एका वर्षाच्या आकड्यावर कोणी क्रेडिट विकत असेल तर तिथे मी तुमच्याच बाजूला उभी आहे.

कोजागिरी

वाचतेय. खूप नवीन कळतंय. एक अगदी साधा प्रश्न: वाळवंट म्हणजे सगळी वाळूच ना? मग वाळूच्या टेकड्यांवर ही साय कशी टिकते?

मातीवेडी

कोजागिरी, चांगला प्रश्न. सरकत्या टेकड्यांवर ती टिकत नाही. पण जगातल्या वाळवंटांचा साधारण पाचवा हिस्साच वाळूने झाकलेला आहे. बाकी सगळं खडकाळ माळ, गोट्यांची फरसबंदी, मिठाचे सपाट तळ, कोरडे ओढे आणि झुडपांमधली पक्की माती. साय असते ती मुख्यतः झुडपांमधल्या मोकळ्या मातीवर. नकाशावर आणि उपग्रहाच्या चित्रात हीच जागा उघडी दिसते.

रानझरा

मी प्राण्यांच्या बाजूने लिहितो, कारण कार्बनच्या चर्चेत ते नेहमी तळटीपेत जातात.

वाळवंटात खणणारे जीव काढून घेतले तर काय होतं, हे ॲरिझोनातल्या एका जुन्या प्रयोगात दिसलं. कुंपण घालून कांगारू उंदरांना बाहेर ठेवलं. साधारण बारा वर्षांत आतल्या झुडपांच्या माळाचं गवताळ रान झालं. मूठभर वजनाचा प्राणी, बिया गोळा करतो, पुरतो, माती उकरतो, आणि तेवढ्यावर सगळ्या जागेचं रूप ठरवतो. हा उंदीर पाणी पीतसुद्धा नाही. खाल्लेल्या बियांपासून शरीरात जे पाणी तयार होतं त्यावरच जगतो.

दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉक्सबी डाउन्सजवळ १९९७ पासून १२३ चौरस किलोमीटर वाळवंट कुंपणात घेतलंय. मांजरं, कोल्हे, ससे बाहेर काढले, बिल्बी आणि बेटाँग हे तिथले छोटे पिशवीवाले प्राणी परत सोडले. हे दोघं रात्रभर खड्डे खणतात. वाऱ्याने उडणारा पाचोळा आणि बिया त्या खड्ड्यांत अडकतात, पाऊस पडला की पाणी तिथेच मुरतं, रोपं तिथेच उगवतात. पाचोळा जमिनीत जाणं म्हणजेच कार्बन जमिनीत जाणं. मातीवेडी, तुम्ही जमीन न मोडण्याबद्दल लिहिलंत, आणि हे प्राणी तर रोज मोडतात. पण त्यांचा खड्डा वीतभर, आणि दोन खड्ड्यांमध्ये साय शाबूत. बुलडोझरशी त्याची बरोबरी होत नाही.

पाण्याबद्दलही लिहायला हवं. नेवाडात डेव्हिल्स होल नावाची खडकातली एक फट आहे, तळाशी कोमट पाणी. त्यात इंचभर लांबीचा पपफिश राहतो, जगात दुसरीकडे कुठेही निसर्गतः नाही. तो वाढतो तो पाण्याखालच्या एका उथळ खडकावर, खोलीएवढ्या जागेत. जवळच्या शेतीसाठी भूजल उपसायला लागले तसा तो खडक उघडा पडू लागला. खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७६ साली निकाल लागला की पाण्याची पातळी माशाला जगता येईल एवढी राखलीच पाहिजे. तरी २०१३ साली मोजणीत ३५ मासे उरले होते. वाळवंट वर कितीही राखलं आणि खालून पाणी उपसत राहिलो तर काही उरत नाही.

उन्हाळी

मी सौर प्रकल्पांसाठी जागा पाहण्याचं काम गेली आठ वर्षं करतो, म्हणून दुसरी बाजू मांडणं माझं कर्तव्य समजतो.

एका हेक्टरवर साधारण अर्धा मेगावॅट बसतो. त्या विजेने कोळशाची वीज हटत असेल, तर वर्षाला शेकडो टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. तुमची साय हेक्टरी वर्षाला काही शे किलो कार्बन धरत असेल तर पुष्कळ झालं. नुसत्या कार्बनच्या तराजूत घातलंत तर पॅनेल दरवेळी जिंकणार. हे मान्य करून पुढे बोलायला हवं, नाहीतर माझ्यासारखे लोक तुमचा धागा वाचून बाजूला ठेवतील.

पण मी काय केलंय तेही सांगतो. माझ्या पहिल्या मोठ्या प्रकल्पाची जागा मीच पसंत केली होती. अहवालात मी लिहिलं, 'ओसाड, वनस्पती विरळ, हरकत घेण्याजोगं काही नाही.' ग्रेडर आले आणि क्षितिजापर्यंत जमीन खरवडून सपाट केली. तुम्ही वर्णन केलेला काळा खडबडीत थर तिथे होता, मला आठवतो. बुटाखाली कुरकुरायचा. तो काय आहे हे विचारायचं मला सुचलं नाही. पहिल्या वाऱ्याच्या दिवसांत आकाश तांबडं झालं. पॅनेलवर धूळ बसून वीज घटली, मग धुवायला पाण्याचे टँकर, टँकर परवडेनात म्हणून बोअर, आणि सकाळी धुतलेल्या रांगा दुपारपर्यंत पुन्हा मातकट. ती धूळ बाहेरून आलेली नव्हती, आम्हीच मोकळी केलेली होती.

नंतरच्या एका जागी मी जमीन खरवडू दिली नाही. खांब थेट ठोकले, झुडपं गुडघ्याएवढी छाटली, मुळं तशीच ठेवली, गाड्यांना ठरलेल्याच वाटा दिल्या. कंत्राटदार नाराज होता. पण तिथे धूळ खूपच कमी उडाली, आणि दुसऱ्या वर्षी छाटलेल्या झुडपांना फुटवे आले. हे मी सायीसाठी केलं नव्हतं, धुण्याचा खर्च वाचावा म्हणून केलं होतं.

हिशेबनीस

उन्हाळी, तुमच्या आकड्यांना माझा दुजोरा. मात्र त्यातून 'म्हणून पॅनेल तिथेच' असं निघत नाही. पॅनेल कुठेही बसवलं तरी तेवढाच कार्बन वाचवतं. सोडून दिलेली खारवट शेतं, जुन्या खाणींच्या जागा, छपरं, कालव्यांचे काठ, आधीच मोडलेली जमीन जगात कमी नाही. जिवंत साय आणि माळढोक मात्र आहेत तिथेच आहेत. त्यामुळे हे भांडण वीज की वाळवंट असं नसून जागेच्या निवडीचं आहे, आणि जागा तुम्ही निवडता.

रानझरा

हिशेबनीस यांनी माळढोकाचं नाव घेतलंच आहे तर सांगतो. थरच्या वाळवंटात आणि आजूबाजूला मिळून जगात जेमतेम दीडशे उरले असतील. अंगाने जड, उडताना चटकन वळता येत नाही, आणि डोळे बाजूला असल्याने समोरची तार उशिरा दिसते. प्रकल्पाची जागा चांगली निवडली पण वीज वाहून नेणाऱ्या तारा त्याच्या वाटेवरून गेल्या, तर उपयोग काय? उन्हाळी, जागा पाहताना तारांचा मार्गही पाहता का?

उन्हाळी

खरं सांगायचं तर नाही. ते काम दुसऱ्या विभागाकडे असतं, आणि माझा अहवाल त्यांच्याकडे पोहोचेपर्यंत मार्ग आखून झालेला असतो. हे चूक आहे. यापुढे पाहणीच्या वेळीच विचारीन.

कोजागिरी

मला अजून एक कळत नाहीये. पॅनेलचं समजलं. पण झाडं लावण्यात काय वाईट? झाड कार्बन घेतंच ना?

उंबरठा

कोजागिरी, मी वनीकरणाच्या क्षेत्रातला, आणि हा प्रश्न मीही बरीच वर्षं विचारत होतो.

इस्रायलमध्ये वाळवंटाच्या कडेला यातीर नावाचं जंगल आहे. वर्षाला २८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथे १९६४ पासून पाइनची झाडं लावली. झाडं जगली, कार्बनही खरोखर घेतात, अपेक्षेपेक्षा जास्त घेतात. पण फिकट वाळवंट सूर्याचा बराच उजेड परत पाठवतं आणि गडद जंगल तो शोषून घेतं. शिवाय थंड राहिलेली झाडांची छत्री तापलेल्या उघड्या जमिनीएवढी उष्णता बाहेर टाकत नाही. २०१० साली तिथल्या मोजमापांवरून दिसलं की या जादा उष्णतेची भरपाई व्हायला अनेक दशकांचं कार्बन शोषण लागतं. म्हणजे झाड लावल्या दिवसापासून हवामानाला फायदा, असं वाळवंटात होत नाही.

आणि ही झाडं जगलेली. चीनने १९७८ साली उत्तरेकडे झाडांची भिंत उभारायला घेतली, ती २०५० पर्यंत चालायची आहे. सुरुवातीला कोरड्या भागांतही पॉपलर लावले. कितीतरी वाळले, आणि जगले त्यांनी जमिनीतलं पाणी खाली नेलं. पुढे तिथल्याच लोकांनी झुडपांकडे आणि गवताकडे मोर्चा वळवला. त्याच देशात शापोतौला मला सगळ्यात आवडणारं काम झालंय. १९५८ ला सुरू झालेल्या रेल्वेमार्गावर वाळू येऊ नये म्हणून त्यांनी काडाचे मीटर-मीटरचे चौकोन वाळूत रोवले, अर्धे आत, अर्धे वर. त्यांच्या आडोशाला वारा मंदावला, धूळ बसली, कोरडवाहू झुडपं धरली, आणि काही वर्षांत वाळूवर मातीवेडी म्हणतात ती साय आली. काड कुजून गेलं, साय राहिली. रेल्वे आजही चालते.

सहाराच्या दक्षिण काठावर नायजरमध्ये तर लोकांनी रोपंसुद्धा लावली नाहीत. शेतात जुन्या झाडांची खोडं आणि मुळं जिवंत होती. नांगरताना त्यांचे फुटवे दरवर्षी कापले जायचे. १९८० च्या दशकापासून शेतकऱ्यांनी ते राखायला सुरुवात केली आणि सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडी परतली. पण तो वाळवंटाचा काठ आहे, जिथे पूर्वी झाडं होती. जिथे झाड कधीच नव्हतं तिथे ते नेणं ही वेगळी गोष्ट.

रानझरा

उंबरठा यांच्या बोलण्याला जोडून. गवताचंही तसंच. धामण गवत थरमध्ये आणि आफ्रिकेत मूळचं, तिथे ते उत्तम चारा. तेच अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटात गुरांसाठी नेलं आणि ते डोंगरउतारांवर पसरलं. तिथला सग्वारो निवडुंग शंभर-दीडशे वर्षं जगतो, पण आगीची त्याला सवयच नाही. पूर्वी झुडपा-झुडपांमध्ये मोकळी जमीन असायची, वीज पडली तरी एखादं झुडूप जळून आग विझायची. आता मधली जागा वाळक्या धामणीने भरते आणि आग या टोकाहून त्या टोकाला जाते. मोहावीत हाच प्रकार लाल ब्रोम गवत करतं. ऑगस्ट २०२० मध्ये सिमा डोमला वीज पडून जी आग लागली तीत सुमारे १३ लाख जोशुआ वृक्ष गेले.

नकाशावाल्या गृहस्थांना 'काहीच नाही' वाटली ती जागा म्हणजे आगीला अडवणारी रुंद पट्टी आहे. ती भरून काढली की वाळवंट पेटतं.

पाऊलवाट

एक गोष्ट खटकतेय. 'न मोडलेली जमीन' म्हणत म्हणत आपण माणसं आणि गुरंही बाहेर काढणार का? मी पशुपालकांबरोबर काम करते. वाळवंटात आणि त्याच्या कडेला हजारो वर्षं लोक जनावरं घेऊन फिरताहेत. पाऊस पडेल तिकडे जायचं, चारा संपायच्या आत हलायचं. सायीवर वर्षातून एकदा कळप गेला आणि सायीवर कळप बसूनच राहिला, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या दक्षिण काठच्या पट्ट्यात, विसाव्या शतकाच्या मध्यावर चांगल्या हेतूने खोल विहिरी पाडल्या, बाराही महिने पाणी. कळप तिथेच थांबू लागले. प्रत्येक विहिरीभोवती कोसभर जमीन उघडी पडली. १९७० च्या दशकातल्या दुष्काळात पुष्कळ गुरं पाण्याशेजारी भुकेने मेली. त्या उघड्या वर्तुळांचा दोष पशुपालकांना दिला गेला. संरक्षित क्षेत्राचं कुंपण त्यांच्या वाटेवर घातलं तर तेच होईल. वाट अडली की कळप एका जागी बसतो. आणि कुंपणाच्या आतली जमीनही कायम सुरक्षित असते असं नाही. ओमानने अरबी ऑरिक्स या वाळवंटी हरणासारख्या प्राण्यासाठी राखलेलं क्षेत्र तेलासाठी ९० टक्क्यांनी कमी केलं, आणि २००७ साली ते जागतिक वारशाच्या यादीतून काढलं गेलं. तिथे फिरणाऱ्या लोकांना विचारून, त्यांच्या वाटा मोकळ्या ठेवून जे संरक्षण होईल तेच टिकेल असं मला मनापासून वाटतं.

मातीवेडी

पाऊलवाट, पटलं. माझ्या लेखात माणसं नव्हतीच, ती यायला हवी होती. हंगाम पाहिला तरी फरक पडतो. कोरडी साय ठिसूळ असते, खुराखाली भुगा होते. वाळूच्या जमिनीवर ओली असताना ती जास्त सहन करते. हे फिरणाऱ्या पशुपालकांना नुसत्या पावलांनी कळत असावं. याबद्दल तुम्ही स्वतंत्र लिहिलंत तर मला वाचायचंय.

कोजागिरी

धूळ वाईट म्हणताय, पण सहाराची धूळ ॲमेझॉनच्या जंगलाला खत देते असं वाचलं होतं. ते खरं का?

हिशेबनीस

खरं आहे. उपग्रहांच्या मोजमापांवरून अंदाज असा की वर्षाला सरासरी २२ हजार टन फॉस्फरस सहाराच्या धुळीतून ॲमेझॉनवर पडतो, त्यातला पुष्कळसा चाडमधल्या बोडेले या कोरड्या सरोवराच्या तळातून. धूळ मुळात वाईट नाही. आपण मोकळी केलेली जादा धूळ हा प्रश्न. कोलोरॅडोतल्या सॅन हुआन डोंगरांवर, खालच्या वाळवंटातली माती मोडल्याने उडालेली धूळ बर्फावर बसते, बर्फ काळवंडून तापतं आणि १८ ते ३५ दिवस आधी वितळून जातं. वाळवंटातली साय मोडल्याची किंमत शेकडो किलोमीटर दूरची नदी चुकती करते.

उन्हाळी

मातीवेडी, पुढच्या आठवड्यात एका नव्या जागेवर जातोय. अजून काही ठरलेलं नाही, म्हणजे माझ्या अहवालाला थोडं वजन आहे. भिंग घेतलंय. पण मी काय पाहायचं? आणि एक शंका: हवामान तापतंच आहे, तर ही साय तशीही मरणार नाही का? मग ती वाचवून काय?

मातीवेडी

शंकेचं उत्तर आधी. धोका आहे, आणि तो अनपेक्षित बाजूने आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो पठारावर संशोधकांनी सायीवर उन्हाळ्यात जरा जास्त वेळा हलका पाऊस पाडला, दरवेळी जेमतेम १.२ मिलिमीटर. वाटेल की पाणी मिळालं, बरं झालं. पण एका हंगामातच मॉसचं आच्छादन जवळपास २५ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या खाली आलं. मॉस भिजलं की आधी स्वतःची डागडुजी करतं, त्यात साठवलेला कार्बन खर्च होतो. मग प्रकाशसंश्लेषणाने तो भरून काढायच्या आतच ऊन त्याला सुकवतं. असं वारंवार झालं की ते उपाशी मरतं. म्हणजे पावसाची चाल बदलली तरी साय जाऊ शकते. पण जिथे मॉस गेलं तिथेही सायनोबॅक्टेरियांचे धागे होते, आणि माती जागेवर होती. खरवडलेल्या जागी तेवढंही उरत नाही. ज्या सायीला तापमानाशी झुंजायचंय तिला चाकाखाली तरी घालू नये.

आता काय पाहायचं ते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, उन्हं तिरपी असताना सायीचे उंचवटे सावलीने उठून दिसतात. झुडपाखाली बघू नका, दोन झुडपांच्या मध्ये बघा. नुसती फिकट, गुळगुळीत पापडी असेल तर साय कोवळी आहे किंवा नुकती मोडलेली आहे. काळी, फुगवट्यांची, दगडफुलाचे पिवळे-पांढरे ठिपके असलेली असेल तर ती फार जुनी. तिथे खांबसुद्धा नकोत, जागा बदला असं लिहा. मधल्या प्रकारात रस्ते कमीत कमी, खांब ठोकून, आणि जिथे खणणं टळतच नाही तिथला वरचा बोटभर थर आधी खरवडून कोरडाच, सावलीत साठवायचा आणि काम झालं की परत पसरायचा. आयती पेरणी असते ती. जुन्या गाडीवाटा दिसल्या तर त्यांचे फोटो घ्या आणि त्या कधीच्या आहेत हे तिथे फिरणाऱ्या लोकांना विचारा. त्यावरून ती जमीन किती वेळात भरून येते याचा अंदाज बांधता येतो.

आणि पाण्याचे थेंब टाकून बघायचं असेल तर अखंड सायीवर टाकू नका. वर मॉसचं काय झालं ते लिहिलंच आहे. चाकोरीच्या कडेला आधीच निखळलेलं एखादं ढेकूळ उचला, गाडीच्या बॉनेटवर ठेवा आणि त्यावर टाका. पहिली काही मिनिटं काहीच दिसणार नाही. तरी थांबा.

उन्हाळी

थांबतो. आल्यावर इथेच लिहीन, फोटोसकट. तारांच्या मार्गाचा नकाशाही आजच मागवलाय.